दोन कुठून आला?

"हा दोन कुठून आला?"

एक्स्टर्नल सरांनी माझ्या जर्नलमधल्या एका ओळीखाली पेनाचं टोक टेकवलं होतं. ओळ होती : पी बरोबर दोन डीवाय वजा डीएक्स. साल १९९७, महिना डिसेंबर, नाशिकच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजची लॅब, विषय कॉम्प्युटर ग्राफिक्स. निफाडहून पहाटेच्या एसटीने कुडकुडत आलो होतो. आमच्याकडे त्या दिवसांत पारा कुठवर उतरतो हे दर हिवाळ्यात पेपरात छापून येतंच. मी म्हणालो, "सर, फॉर्म्युल्यातच आहे तो." सर हसलेही नाहीत, रागावलेही नाहीत. शेजारच्या मुलाकडे वळले, त्यालाही तेच विचारलं, त्यानेही तेच सांगितलं. पास सगळेच झालो.

प्रोग्रॅम आमचा चालत होता, ही त्यातली गंमत. टर्बो सीचा निळा पडदा, पिवळी अक्षरं. इनिटग्राफच्या कंसात बीजीआय फोल्डरचा पत्ता बरोबर दिला की कंट्रोल-एफ-नाईन दाबताच पडदा काळा व्हायचा आणि त्यावर एक पांढरी तिरपी रेघ उमटायची. पत्ता चुकला तर 'ग्राफिक्स नॉट इनिशलाइज्ड' एवढंच दिसायचं आणि अर्धं प्रॅक्टिकल तिथेच संपायचं. पडदा ६४० बाय ४८० ठिपक्यांचा, रंग सोळा. रेघ नाकाजवळ जाऊन पाहिली तर ती रेघ नसायचीच. जिन्यासारख्या पायऱ्या असायच्या. कोणत्या ठिकाणी पायरी चढायची आणि कुठे सरळ जायचं, हे ठरवणारी ती ओळ. तिचं नाव ब्रेसनहॅमचा अल्गोरिदम. पुणे विद्यापीठात कॉम्प्युटर शिकलेल्या माझ्या पिढीतल्या जवळजवळ प्रत्येकाने ती कधी ना कधी लिहिली आहे. त्यातल्या किती जणांना दोन कुठून आला हे ठाऊक आहे, हे मी वर्गमित्र भेटले की अजून विचारून पाहतो. लोक टाळायला लागलेत मला.

परीक्षेच्या गाइडमध्ये उत्तर होतं, असं म्हणायला हवं. दीड पानभर सिद्धता होती. डी-वन, डी-टू, त्यांची वजाबाकी, मग 'दोन्ही बाजूंना डीएक्सने गुणू', मग 'यावरून स्पष्ट होते की'. मला काही स्पष्ट झालं नाही. हर्न आणि बेकर या दुकलीचं जाडजूड इंग्रजी पुस्तक लायब्ररीत होतं, पण ते घरी न्यायला मिळत नसे. ओझरच्या एका मित्राने त्यातलं तिसरं प्रकरण झेरॉक्स करून आणलं. त्याचे वडील मिगच्या कारखान्यात होते आणि त्यांच्या घरात ड्रॉइंग वाचायची सवय होती, त्यामुळे आमच्यात त्याचा शब्द प्रमाण. त्या झेरॉक्सवर समासातली अक्षरं निम्मी कापलेली. त्यातही तीच सिद्धता, जरा ऐसपैस. मराठीत तेव्हा मला दिसलेली संगणकाची पुस्तकं डॉसच्या आज्ञा आणि पत्र टाइप कसं करायचं यापलीकडे जात नव्हती. तेव्हा फॉर्म्युला पाठ केला आणि विषय मिटवला.

तो पुन्हा उघडला बऱ्याच वर्षांनी. मुंबईत नोकरीला असताना एका ग्रंथालयात आयबीएम सिस्टिम्स जर्नलचा १९६५चा बांधीव खंड हाती आला. चौथा खंड, पहिला अंक, पानं २५ ते ३०. सहा पानांचा लेख, लेखक जे. ई. ब्रेसनहॅम. मी उभ्यानेच वाचायला लागलो आणि पहिल्या परिच्छेदातच अडखळलो. यात पडद्याचा पत्ताच नव्हता! लेखाचं नाव चक्क डिजिटल प्लॉटरवर संगणकाने ताबा कसा ठेवावा, अशा अर्थाचं. आम्ही काचेवर जी रेघ काढत होतो ती मुळात कागदावर, पेनाने, शाईने काढायची होती. गाइडवाल्याने हे सांगितलं नव्हतं. बहुधा त्यालाही ठाऊक नसावं.

ब्रेसनहॅमने पुढे स्वतःच ही हकिगत सांगितली आहे. तो कॅलिफोर्नियात सॅन होजे इथल्या आयबीएमच्या प्रयोगशाळेत होता. तिथे १४०१ नावाच्या संगणकाला कॅलकॉम्प कंपनीचा प्लॉटर जोडलेला होता. १९६२च्या उन्हाळ्यापर्यंत त्याची रेघ काढायची युक्ती रोजच्या वापरात आली. कंपन्या तेव्हा एकमेकांना प्रोग्रॅम खुशाल देत, त्यामुळे कॅलकॉम्पकडेही एक प्रत गेली. शरदात तो स्टॅनफर्डला परत शिकायला गेला तेव्हा तिथल्या संगणक केंद्राच्या लायब्ररीत त्याने एक प्रत ठेवली. १९६३ साली डेन्व्हरला एसीएम या संगणकतज्ज्ञांच्या संघटनेच्या राष्ट्रीय संमेलनात त्याने ती वाचून दाखवली. पण नेमकं त्या वर्षी संमेलनाचा वृत्तान्तग्रंथ निघालाच नाही; कोण कशावर बोलणार याची यादी तेवढी छापली गेली. भाषण झाल्यावर आयबीएमच्या जर्नलमधल्या कुणीतरी त्याला गाठून विचारलं, आम्ही छापू का? तो आनंदाने हो म्हणाला, आणि १९६५ साली लेख छापून आला. ते कुणी तरी त्या दिवशी चहाला लवकर गेलं असतं तर? परीक्षेत या रेघेवर मिळणाऱ्या माझ्या सोळा मार्कांचं काय झालं असतं, असला स्वार्थी विचार माझ्या मनात आला हे कबूल करतो.

कॅलकॉम्पचा तो प्लॉटर म्हणजे एक दंडगोल आणि त्यावरून सरकणारं पेन. दंडगोल फिरला की कागद पुढेमागे. पेन सरकलं की डावीउजवीकडे. पाऊल एक शतांश इंचाचं, त्यापेक्षा लहान पाऊल टाकणं यंत्राला शक्यच नव्हतं. दिशा आठ : चार सरळ, चार कोपऱ्यांच्या. बुद्धिबळातल्या राजासारखं चालायचं. मधल्या कुठल्याही कोनात जायचं तर सरळ आणि तिरक्या पावलांचं मिश्रण करायचं, आणि ते असं की डोळ्याला रेघ वाटावी.

आता १४०१कडे बघा. या संगणकात गुणाकार-भागाकाराची सोय मूळ किमतीत येत नसे. ती हवी असल्यास जादा पैसे मोजून बसवून घ्यायची, नाहीतर बेरजा-वजाबाक्या करत गुणाकार निभावून न्यायचा. शाळेत शिकलेलं वाय बरोबर एमएक्स अधिक सी अशा यंत्राला सांगायचं, तर दर पावलाला एक गुणाकार, वर अपूर्णांक, वर तो अपूर्णांक जवळच्या पूर्णांकाला नेऊन बसवणं. पेन वाट बघत बसलं असतं. म्हणून ब्रेसनहॅमला असा हिशेब हवा होता ज्यात फक्त पूर्णांक असतील आणि दर पावलाला फक्त एक बेरीज. ही अडचण समजली आणि मला तो दोन पहिल्यांदा ओळखीचा वाटायला लागला. पण पूर्ण उलगडा झाला तो घरी, द्राक्षबागेत.

नवी बाग लावायची होती. नऊ बाय पाच, म्हणजे दोन ओळींत नऊ फूट आणि दोन वेलींत पाच. आमच्या भागात हे आकडे पोरंसुद्धा सांगतात. आखणीसाठी एका कोपऱ्यात तीन-चार-पाचचा काटकोन धरायचा, सुतळी ताणायची, फक्की मारायची, खुंट्या ठोकायच्या. चौकोनी वावरात हे दोन तासांचं काम. आमच्या वावराचा विहिरीकडचा बांध मात्र तिरका आहे. वाटणी झाली तेव्हाच तो तसा झाला. त्यामुळे त्या बाजूला प्रत्येक ओळीची पहिली खुंटी कुठे ठोकायची हा प्रश्न येतो. खुंटी पाच फुटांच्या टप्प्यावरच बसणार, आणि बांध काही टप्पे पाहून गेलेला नाही. आमच्या घरचे नाना पुढे चालत होते, मी खुंट्या घेऊन मागे. ते म्हणाले, "दोन ओळी झाल्या ना, आता एक आत घे." दोन ओळींनी पुन्हा आत. मग पुन्हा. संध्याकाळी विहिरीच्या काठावर उभं राहून पाहिलं तर खुंट्यांचा जिना दिसत होता. हुबेहूब टर्बो सीचा पडदा, फक्त रंग काळ्या मातीचा.

त्या रात्री मी हिशेब मांडला. समजा, सात ओळी चालल्यावर बांध तीन वेलींइतका आत येतो. म्हणजे दर ओळीला तीन सप्तमांश. आपण अख्खी खुंटीच सरकवू शकतो, म्हणून हे तीन सप्तमांश उधारीवर चढवत जायचं. उधारी अर्ध्या खुंटीच्या वर गेली की एक खुंटी आत घ्यायची आणि खात्यातून अख्खी एक वजा करायची. अपूर्णांक नकोत म्हणून सगळं सातपट करू. आता दर ओळीला तीन चढतात, खुंटी सरकवली की सात उतरतात, आणि मर्यादा सातचं अर्धं, म्हणजे साडेतीन.

साडेतीन! आमच्या आजोबांना साडेतीनचं काही वाटलं नसतं. त्यांना पावकी, निमकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी पाठ होती. औट म्हणजेच साडेतीन. औट सत्ते साडेचोवीस हे ते माडीवरून ओरडून सांगत. पण ज्याला साधा गुणाकार जादा पैसे मोजून घ्यावा लागतो त्या यंत्राला औटकी कोण शिकवणार? म्हणून आणखी एकदा दुप्पट. दर ओळीला सहा चढव, मर्यादा सात, खुंटी सरकली की चौदा उतरव. तो दोन हा असा आला. अर्ध्याला पूर्ण करायला आला होता, एवढंच.

चालून बघू. पहिली ओळ, उधारी सहा. सातच्या आत, सरळ जा. दुसरी, बारा, ओलांडली, खुंटी आत घे, चौदा वजा, उरले उणे दोन. तिसरी, चार, सरळ. चौथी, दहा; आत घे, उणे चार. पाचवी, दोन, सरळ. सहावी, आठ, आत घे, उणे सहा. सातवी, शून्य. खातं बेबाक. आणखी एक चलाखी बाकी आहे. दर वेळी सातशी तुलना करण्यापेक्षा सात आधीच वजा करून टाकले तर नुसतं अधिक की उणे एवढंच पाहावं लागतं. मग सुरुवातीला खात्यात काय लिहायचं? पहिल्या ओळीचे सहा, वजा सात. सहा म्हणजे तीनची दुप्पट; तीन हा डीवाय, सात हा डीएक्स. दोन डीवाय वजा डीएक्स. एक्स्टर्नल सरांचा पत्ता असता तर त्याच रात्री पत्र टाकलं असतं.

हे नानांना सांगितलं तर ते म्हणाले, अर्ध्यावर गेलं की आत घेणं आपल्याला परवडणारं नाही, खुंटी बोटभरसुद्धा बांधापलीकडे गेली की भाऊबंदकी. खरं आहे. त्यांचा नियम जवळची खुंटी धरायचा नव्हता, आपल्या हद्दीतली शेवटची खुंटी धरायचा होता. गणितात त्यालाही नाव आहे, आणि त्या नियमात तो दोन लागतच नाही. म्हणजे शेतकऱ्याचा हिशेब आयबीएमपेक्षा सोपा. फक्त त्याचं कारण गणितातलं नसून सात-बाऱ्यातलं.

मग आणखी एक सापडलं, आणि ते तर भिंतीवरच लटकलेलं होतं. मिचेल हॅरिस आणि एडवर्ड राइनगोल्ड यांनी २००४ साली एसीएमच्या एका नियतकालिकात निबंध लिहिला. त्यात रेघ काढणं, लीप वर्षं आणि युक्लिडची मसावि काढायची रीत ही तिन्ही एकाच गणिताची रूपं असल्याचं दाखवलं. राइनगोल्ड हे जगभरच्या कालगणनांचे जाणकार. ते वाचताना मला धोंड्याचा महिना आठवला नसता तर नवल. चांद्र वर्ष सौर वर्षापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी तोकडं. ही तूट चढत जाते आणि महिनाभराची झाली की आपण एक अख्खा महिना मध्ये सरकवतो. पंचांगातला जुना आकडा बत्तीस महिने, सोळा दिवस आणि चार घटकांचा. ढोबळ मानाने एकोणीस वर्षांत सात अधिक महिने. आता आलेखाच्या कागदावर एकोणीस घरं आडवी आणि सात घरं उभी अशी रेघ ब्रेसनहॅमच्या रीतीने काढा. पायऱ्या कधी तीन घरांनी पडतील, कधी दोन घरांनी, जशी अधिक महिन्यांमधली वर्षं पडतात. २०२३ साली श्रावण अधिक होता, २०२६ साली ज्येष्ठ. खरा पंचांगकर्ता सरासरीवर अवलंबून राहत नाही; ज्या चांद्र महिन्यात सूर्याची संक्रांत येत नाही तो अधिक, असा त्याचा काटेकोर नियम, म्हणून खरा क्रम थोडा मागेपुढे होतो. पण उधारी तीच, आणि ती चुकती करायची रीतही तीच. जावयाला ताटात अनारसे वाढतात ते ही उधारी चुकती झाल्याचे.

पडद्याची गोष्ट मागे राहिली. १९६०च्या दशकात ठिपक्याठिपक्याचा पडदा महाग होता कारण प्रत्येक ठिपका लक्षात ठेवायला स्मृती लागते. आपल्या टीआयएफआरमध्ये बनलेला टिफरॅक हा संगणक फेब्रुवारी १९६०मध्ये सुरू झाला. त्याला आलेख आणि अक्षरं दाखवणारी काचेची नळी जोडलेली होती, म्हणजे मुंबईत तेव्हा चित्र काढणारा संगणक होता. पण त्याची मुख्य स्मृती २०४८ शब्दांची, प्रत्येक शब्द चाळीस बिटांचा. एकूण १०,२४० बाइट. आमच्या लॅबमधल्या सोळा रंगांच्या पडद्याला १,५३,६०० बाइट लागायच्या. टिफरॅकची सगळी स्मृती ओतली असती तरी पडद्याचा पंधरावा भाग भरला असता. स्मृती स्वस्त झाल्यावर ठिपक्यांचे पडदे आले आणि त्यांना रेघ काढायची रीत हवी होती. प्लॉटरची रीत तयारच होती. पेनाचं पाऊल हटवून तिथे ठिपका बसवला, की झालं. १९७७ साली ब्रेसनहॅमने वर्तुळाच्या कमानीसाठीही अशीच रीत छापली. तीही आमच्या जर्नलमध्ये होती, आणि तिच्यातला तीन कुठून आला हे सुदैवाने कुणी विचारलं नाही.

मराठी अक्षरांपुरतं बोलायचं तर रेघेचा प्रश्न अर्धाच. शिरोरेषा आडवी, तिच्यात पायऱ्या पडायची भानगड नाही. घोटाळा व्हायचा तो खालच्या वळणांत. ळ, क्ष, श्र ही अक्षरं त्या पडद्यावर उंदरांनी कुरतडल्यासारखी दिसत. आम्ही निफाड-नाशिक एसटीत पी आणि डीएक्स घोकत होतो तेव्हा दोनेकशे किलोमीटरवर मुंबईत काही माणसं याच वळणांमागे लागली होती. टीआयएफआरच्या कुशीतून निघून १९८५ साली वेगळी झालेली एनसीएसटी ही संस्था जुहूला होती आणि ग्राफिक्सवर तिथे सुधीर मुदूर यांचा गट काम करत होता. त्यांच्यासोबत होते र. कृ. जोशी : कवी, सुलेखनकार, आयआयटीतल्या औद्योगिक अभिकल्प केंद्रातले शिक्षक. अक्षर ठिपक्यांनी न भरता कडेच्या वक्ररेषांनी सांगायचं, म्हणजे हव्या त्या आकारात ठिपके पुन्हा हिशेबाने भरता येतात, ही जगभर रुळलेली वाट. देवनागरीचा बोरू धरलेला हात त्या वक्ररेषांत उतरवायला 'विन्यास' नावाचं साधन तिथे घडलं. विंडोजमध्ये आपण वर्षानुवर्षं जो 'मंगल' फॉन्ट बघत आलो तो जोशींचाच. एका कवीला ग्राफिक्सच्या लॅबमध्ये नेऊन बसवणं ही मला त्या संस्थेची मोठी हुशारी वाटते. आमच्या अभ्यासक्रमात यातलं नावही नव्हतं. पेपरात बेझिएच्या वक्रावर आठ मार्कांचा प्रश्न यायचा, बस.

गेल्या महिन्यात निफाडला स्टँडजवळच्या एका रेडियमच्या दुकानात गेलो होतो. ट्रॅक्टरला नवं नाव लावायचं होतं. पुढे काचेवर 'बळीराजा', मागे ट्रॉलीवर 'नानांची कृपा', हा नानांचा विरोध डावलून घेतलेला निर्णय. दुकानदार पोरगा पंचविशीतला असेल. त्याने कोरलमध्ये अक्षरं मांडली, कडेच्या रेषा तेवढ्या ठेवल्या आणि शेजारच्या लांबट यंत्राला हुकूम सोडला. यंत्रात रेडियमचा रोल अडकवलेला. रोल पुढेमागे फिरतो, वर आडव्या दांडीवर एक डबी डावीउजवीकडे सरकते, डबीत नखाएवढं पातं. मी बघतच राहिलो. रोल म्हणजे कॅलकॉम्पचा कागद, डबी म्हणजे त्याचं पेन. शाईऐवजी पातं, एवढाच फरक. या यंत्राच्या पोटात कोणता प्रोग्रॅम आहे ते ते बनवणारे जाणोत. पण अशाच मोटरी हलवणारं ग्रबल नावाचं एक मोफत सॉफ्टवेअर आहे. घरगुती सीएनसीवाले ते आर्डुइनोवर चालवतात, आणि त्याच्या कोडमधल्या टिपांत ब्रेसनहॅमचं नाव स्वच्छ लिहिलेलं आहे. पडद्यावरून रीत पुन्हा पावलं टाकणाऱ्या मोटरीकडे आली.

"जरा हळू लावता येईल?" मी विचारलं.

"हळू केलं तर वेळ लागंल, काका." तरी त्याने वेग कमी केला. बाहेर कांद्याच्या ट्रॉल्या लासलगावच्या दिशेने चालल्या होत्या, त्यांचा आवाज जरा ओसरेपर्यंत थांबलो आणि कान यंत्राजवळ नेला. शिरोरेषा कापताना एकच मोटर, एकसुरी गुणगुण. ब ची उभी रेघ कापताना दुसरी मोटर, जरा खालच्या सुरात. मग पातं ब च्या पोटातल्या तिरप्या रेघेवर आलं आणि दोन्ही मोटरी एकदम बोलायला लागल्या. एक अखंड चाललेली, दुसरी मध्येच टक, थांबून टक, लगेच पुन्हा टक, मग जरा जास्त थांबून टक.

पोरगा माझ्याकडे बघत होता. मी बोटांवर मोजत होतो.